मी रडले तरी सांगायचं नाही

नाही, पण झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा. अकरा रात्री जागी होते मी, मोजून अकरा. लोक विमान पडेल म्हणून घाबरतात, पासपोर्ट हरवेल म्हणून घाबरतात, लेकरू परक्या देशात तापानं फणफणेल म्हणून घाबरतात. मी या सगळ्याला घाबरतेच, ते वेगळं, पण ती भीती मला साधारण साडेदहा-अकरापर्यंत पुरायची. त्यानंतर उजाडेपर्यंत एकच प्रश्न. तिकडे पैसे ठेवायचे कुठे?

म्हणजे पैसे होते, शुक्र आहे, नव्हते अशातला भाग नाही. पण असलेले पैसे ठेवायचे कुठे, किती ठिकाणी, कार्ड कुठलं वर आणि कुठलं खाली, नोटा अंगावर का सामानात, आणि सामानच गेलं तर, आणि अंगच... जाऊ दे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई शिकलेली दिसत नाही. तर तेच तर दुःख आहे. मी उम्मेहानी, घरात आणि आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत सगळे हानी म्हणतात, एम.कॉम. आहे, घरी अकरावी-बारावीच्या कॉमर्सच्या शिकवण्या घेते, आणि त्यात परकीय चलनाचा धडा मी गेली आठ वर्षं शिकवतेय. पोरांना चांगले मार्क पडतात. पडणारच. त्यांना अजून कुठे जायचं नाहीये.

गोष्ट साधी होती हो. माझा नवरा फैझल चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर, त्याला कंपनीनं सहा महिने जर्मनीला धाडलेलं. मे महिन्याची सुट्टी लागली की मी आणि आमची अलिझा, वय वर्षं पाच, तीन आठवडे त्याच्याकडे जाणार. यात घाबरण्यासारखं काय आहे? काही नाही. फक्त माझा तोवरचा एकटीनं केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कर्वेनगर ते खडकवासला, आणि त्यातही परत येताना रिक्षावाल्याला मी दोनदा भाडं दिलं होतं, कारण पहिल्यांदा दिलंय का नाही याची खात्री वाटेना. तो भला माणूस होता, त्यानं दोन्ही वेळा घेतलं.

आमच्या खालच्या मजल्यावर सर्जेरावकाका राहतात. दहा वर्षांपूर्वी बारा दिवसांत नऊ देश करून आलेत, तेव्हापासून सोसायटीतलं कुणीही परदेशी निघालं की त्याला आधी काकांच्या कोचावर बसावं लागतं. मीही बसले. काका म्हणाले, “हानीताई, एकच लक्षात ठेवा. सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी ठेवले होते.” मी म्हटलं, “मग?” “मग काय. नऊपैकी सात देश त्यांना आम्ही चहा पाजला.”

निघताना त्यांनी ड्रॉवरमधून एक प्लॅस्टिकची पुडी काढली. टूरवरून उरलेली युरोची नाणी, चार-पाच असतील. “ही राहू द्या जवळ.” मी म्हटलं, “काका, एवढ्याशा चिल्लरीत तिथं काय येतंय?” तर चष्म्यावरून बघत म्हणाले, “येत काही नाही. जाता येतं.” मला काही कळलं नाही. मोठ्या माणसाला उलट काय विचारायचं, म्हणून पुडी घेतली आणि वर आले.

मग मी सात जागा काढल्या. पैसे बदलायला लक्ष्मी रस्त्यामागच्या एका दुकानात गेले होते, तिथल्या माणसानं शंभर युरोच्या सहा नोटा समोर ठेवल्या. मी म्हटलं, “थोडे सुट्टे देता का?” तो म्हणाला, “बाई, आम्ही परकीय चलन विकतो. सुट्टे भाजीवाल्याकडे मिळतात.” तर सहा नोटा, सहा जागा. एक कमरेच्या पट्ट्यात. एक मोज्यात. एक औषधांच्या डब्यात, जुलाबाच्या पुड्यांमध्ये, कारण चोर कितीही धीट असला तरी तिथं हात घालायच्या आधी विचार करेल. एक लसणाच्या चटणीच्या डब्याच्या तळाशी, दोन पिशव्यांत गुंडाळून. एक माझ्या पाककृतींच्या वहीच्या कव्हरमध्ये. आणि एक सलवारीच्या आतल्या बाजूला, चोरखिशात. तो खिसा आमच्या इंदुबाईंनी शिवून दिला, शिवणकाम करतात त्या. त्यांनी विचारलं, “केवढा खोल करू?” मी म्हटलं, “इतका, की मलासुद्धा सहज काढता येऊ नयेत.” इंदुबाई शब्दाला जागणाऱ्या बाई आहेत.

आणि सातवी जागा, काकांच्या नाण्यांची. ती मी इतक्या हुशारीनं निवडली, की स्टेशनवर मला ती आठवलीच नाही. पण ते पुढे सांगते.

आता कार्डं. कार्डं दोन. एक परदेशासाठीचं, आधी पैसे भरून ठेवतात तसलं. त्याचा चार आकडी पिन कुठेही लिहून ठेवू नका, असं पाकिटावर ठळक छापलेलं. आणि मी तर विसरणारी. म्हणून मी काय केलं, पाककृतींच्या वहीत एक पाककृतीच लिहिली. रव्याचा केक: तीन वाट्या रवा, एक वाटी दूध, नऊ चमचे तूप, आठ चमचे मीठ. तीन एक नऊ आठ. कुणाच्या बापाला कळणार नाही. स्वतःवर इतकी खूश झाले मी, की त्या रात्री थोडी झोप लागली असेल बहुतेक.

दुसरं माझं नेहमीचं, पगाराच्या... म्हणजे शिकवणीच्या पैशांच्या खात्याचं डेबिट कार्ड. ते परदेशात चालवायचं तर बँकेच्या ॲपमध्ये एक बटण चालू करावं लागतं. मी ते चालू केलं. मग वाटलं, आत्तापासून चालू ठेवलं आणि कुणी तिकडूनच पैसे काढले तर? बंद केलं. मग वाटलं, आयत्या वेळी चालू नाही झालं तर? चालू केलं. अकरा रात्रींत त्या बटणानं जेवढा व्यायाम केला तेवढा मी आयुष्यात केला नसेल. शेवटी घराला कुलूप लावताना बंद केलं. म्हटलं, तिकडे पोचल्यावर निवांत चालू करू, काय, एक ओटीपी तर येतो.

आणि माझं इथलं सिम? ते मी जुन्या फोनमध्ये घालून अम्मींकडे ठेवून गेले. तिकडचं सिम फैझल स्टेशनवर घेऊन येणार होता, मग इथलं सिम तिकडे नेऊन हरवायचं कशाला? बघा, किती विचार करते मी.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, नसीमबानू. शनिवार पेठेत राहतात, तिसऱ्या मजल्यावर, एकट्या, आणि एकट्या का राहता असं कुणी विचारलं तर म्हणतात, “गर्दी आवडत नाही.” एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं त्यांनी. अजूनही रस्त्यात मिशीवाले रिक्षावाले रिक्षा थांबवून पाया पडतात आणि अम्मी त्यांना विचारतात, “अक्षर सुधारलं का?”

तर मागच्या वर्षी या अम्मींना एका माणसाचा फोन आला. वीजबिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार, मोबाइलवर आकडा आलाय तो सांगा. अम्मींनी सांगितला. बावीस हजार गेले. तुम्हाला सांगते, पैशांचं काही नाही, पैसे आम्ही सोसले, पण अम्मी... ज्या बाईनं एकतीस वर्षं पोरांचं खोटं नुसतं डोळ्यांकडे बघून ओळखलं, ती म्हणाली, “मला कळलं कसं नाही, हानी?” मग फोन उचलणंच सोडलं. पासबुक फैझलच्या हातात दिलं, म्हणाल्या, तूच बघ रे आता. महिनाभर कुणाची चूकसुद्धा काढली नाही. आम्ही सगळे घाबरलो.

मग म्हटलं, हानी, तू मास्तरीण आहेस ना, शिकव. मी सराव परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कर्वेनगरला आमच्या स्वयंपाकघरात उभी राहायची, तोंडावर ओढणी धरायची आणि अम्मींना वेगवेगळ्या आवाजांत फोन करायची. कधी बँकेचा साहेब: “मॅडम, मैं हेड ऑफिस से बोल रहा हूं.” अम्मी म्हणायच्या, “पुण्यात शाखा आहे ना तुमची? मग मराठीत फसवा.” कधी कुरिअरवाला, कधी गॅसवाली. अम्मींनी एक वही केली, तारीख घालून स्वतःलाच लाल पेनानं पास-नापास लिहायच्या. अलिझा ओट्यावर बसून सगळं बघायची, मांडीवर तिचा भैरू. भैरू म्हणजे कापडाचा हत्ती, इंदुबाईंनीच उरलेल्या तुकड्यांचा शिवून दिलेला, त्याच्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही. तिला वाटायचं, आमच्याकडचा हा एक खेळ आहे. दादीची परीक्षा.

आठ परीक्षांत अम्मी पास. नवव्या वेळी मी माझ्याच आवाजात फोन केला. रडत. “अम्मी, मी हानी, खूप अडचणीत आहे, तुमच्या फोनवर एक आकडा आलाय तो लवकर सांगा.” आणि त्यांनी घाईघाईनं सांगितला. मी तोंडावरची ओढणी काढली... म्हणजे त्या वेळी नव्हतीच, पण काढल्यासारखं केलं आणि म्हटलं, “अम्मी, नापास. आवाज कुणाचाही काढता येतो आता. माझा नंबर खोटा दाखवता येतो. चेहरासुद्धा खोटा बनवता येतो. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही. मी रडले तरी नाही.” अम्मींनी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. खाली दोन रेघा.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. मग काय, मला चेवच चढला. घरात जो सापडेल त्याला शिकवत सुटले. अनोळखी माणसाचा हात धरायचा नाही. पैसे कुठे ठेवलेत ते बोलायचं नाही. कुणालाही नाही. मलासुद्धा नाही.

तर निघालो. विमान पडलं नाही. पासपोर्ट हरवला नाही. ताप आला नाही. मुंबईच्या विमानतळावर भैरूला तेवढं दोनदा मशीनमधून काढलं, का कोण जाणे, आणि अलिझा त्या तपासनीस बाईंकडे अशी बघत होती की मीच ओशाळले. तिकडे उतरलो, फैझलनं तिकीट काढून ठेवलेल्या गाडीत बसलो आणि एका मोठ्या जंक्शनवर उतरलो. त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून घेत नाही. फैझल तिथं घ्यायला येणार होता. तो नव्हता. मी दोन बॅगा, एक पोरगी, एक हत्ती घेऊन उभी. आणि अलिझा म्हणाली, “मम्मा, शू.”

काही नाही, म्हटलं, चल. बाणाच्या मागे-मागे गेलो. पायऱ्या उतरलो. आणि समोर बघते तर गेट. बसस्टँडवर नसतं का, बाई बसलेली असते, दोन रुपये टाकले की झालं, आणि नसले तरी पोराकडे बघून म्हणते, जा गं. तसं नाही. काचेचं गेट, बाजूला मशीन, मशीनवर नाण्याचं चित्र आणि चित्रात एकचा आकडा. एक युरो.

माझ्याकडे सहाशे युरो होते हो. अंगावर, सामानात. एक युरो नव्हता.

“मम्मा, शू.”

“हो बाळा, एकच मिनिट.” कमरेच्या पट्ट्यातली नोट काढली, मशीननं बाहेर ढकलली. म्हटलं, कदाचित ही आवडली नसेल. बॅग उघडली, चटणीच्या डब्यातली काढली. शेजारी एक खाऊचं दुकान होतं, तिथं पळाले, म्हटलं चॉकलेट घेऊ, सुट्टे मिळतील. दुकानातल्या मुलीनं नोट हातात घेतली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वास घेतला आणि गल्ल्यावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर शंभरच्या नोटेवर लाल फुली. पुण्याची आठवण आली एकदम. म्हणजे बरंच वाटलं एका अर्थी.

चोरखिशात आणखी एक होती. पण ती काढायला स्वच्छतागृहात जायला हवं, आणि स्वच्छतागृहात जायला पैसे हवेत. आणि काढून तरी काय, तीही शंभरचीच. आणि तेवढ्यात वीज चमकावी तसं डोक्यात आलं, नाणी. काकांची नाणी. जाता येतं, म्हणाले होते काका, जाता येतं... आता कळलं. पण ठेवली कुठे? सातवी जागा कुठली? मी अलिझाचे खांदे धरले, “अलू, बाळा, सर्जेरावआजोबांनी दिलेली नाणी मम्मानं कुठे ठेवली होती, आठवतंय तुला?” तिनं ओठ घट्ट मिटले, भैरूला छातीशी आवळलं आणि जोरात मान हलवली. नाही. बिचारी. म्हटलं, शू रोखून धरलीय, तोंडातून शब्द फुटत नाहीये तिच्या.

पळत पैशांच्या मशीनकडे. परदेशाचं कार्ड घातलं. वही उघडली. रव्याचा केक: तीन वाट्या रवा, एक वाटी दूध, नऊ चमचे तूप, पाव चमचा मीठ. पाव चमचा? पाव? मग आठवलं. सातव्या का आठव्या रात्री झोप येत नव्हती म्हणून मी वही चाळत बसले होते आणि स्वतःशीच म्हटलं होतं, इतके चमचे मीठ? केकमध्ये? हानी, कुठे लक्ष असतं तुझं? आणि लाल पेनानं दुरुस्त केलं होतं. आधीचा आकडा इतका छान खोडला होता, की उजेडात धरूनही दिसेना. मी सहा घालून बघितला, पाच घालून बघितला, चार घालून बघितला. तिसऱ्या वेळी मशीननं कार्ड परत दिलं आणि एक लांबलचक जर्मन शब्द दाखवला. त्याचा अर्थ विचारायची गरज पडली नाही.

पुन्हा गेटपाशी. अलिझा आता एका पायावर. तिथं साफसफाई करणाऱ्या एक बाई होत्या, साठीच्या, निळा एप्रन, हातात पिवळे हातमोजे. त्या मघापासून आमच्या फेऱ्या मोजत होत्या बहुतेक. त्यांनी हातमोजा काढला, शेजारचं एक छोटंसं गेट दाखवलं, बुटकं, लहान मुलांचं, फुकट. आणि अलिझापुढे हात केला, चल म्हणून. या अल्ला, किती हे उपकार. मी म्हटलं, “जा अलू, जा बाळा.” अलिझा म्हणाली, “अनोळखी माणसाचा हात धरायचा नाही.”

“अगं, आत्ता धर.”

“तू म्हणाली होतीस, मम्मानं सांगितलं तरी नाही.”

म्हणजे म्हणाले असेन मी. मी काय-काय म्हणून बसले असेन आयुष्यात, माझं मलाच माहीत नाही.

मी बाईंना हातवाऱ्यांनी विचारलं, मोठं गेट तुम्ही उघडाल का? त्यांनी वर बोट केलं. कॅमेरा. मग माझ्या फोनकडे बघितलं, त्यावर सिम नाही ते त्यांना कळलं, आणि काही न बोलता स्वतःचा फोन काढून त्यावरचं इंटरनेट मला जोडून दिलं. पासवर्ड स्वतः टाकला. आईला फोन कर, अशी खूण केली असावी किंवा नवऱ्याला, मी नवऱ्याला केला. फैझलची गाडी कुठल्यातरी शेतात तासभर उभी होती. तो म्हणाला, “अगं, नाणं कशाला, तुझं डेबिट कार्ड लाव ना मशीनला.”

बटण. बटण बंद होतं. ॲप उघडलं, बटण दाबलं, ॲप म्हणालं, आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तीन मिनिटं. आपला मोबाइल शनिवार पेठेत. अम्मींना फोन लावला.

“अम्मी, मी हानी.”

“बोल.”

“अम्मी, माझा जुना फोन तुमच्याकडे आहे ना, त्यावर आत्ता एक मेसेज आला असेल, त्यात सहा आकडे...”

पलीकडे शांतता. ती शांतता मला ओळखीची वाटली. त्या शांततेनं एकतीस वर्षं चौथी ब गप्प बसवलीय.

“ओटीपी कुणालाही सांगायचा नाही,” अम्मी म्हणाल्या. “हानीलासुद्धा नाही. असं आमच्या हानीनंच सांगितलंय.” आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला. “अम्मी, नंबर बघा, माझाच आहे.”

“नंबर खोटा दाखवता येतो.”

व्हिडिओ लावला. इंटरनेट अडखळलं, माझं चित्र मध्येच थिजलं, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. अम्मींनी फोन लांब धरून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “चेहरा बरा जमलाय. पण आमची हानी इतकीही वाईट दिसत नाही.”

मग मी अलिझाला पुढे केलं. “दादी, शू,” अलिझा म्हणाली.

“लहान मुलांचे आवाज वापरता?” अम्मी म्हणाल्या. “घरी आई आहे का तुमच्या?”

आणि मग मी रडले. खरंच रडले हो, परक्या देशात, संडासाच्या दारात, मागे चार माणसं उभी, ती निळ्या एप्रनवाली बाई अलिझाला हसवायला दोन्ही पायांवर उड्या मारतेय, अलिझासुद्धा उड्या मारतेय पण तिच्या उड्यांचं कारण वेगळं. मी म्हटलं, “अम्मी, मी खरंच रडतेय.”

“त्या दिवशीही ती असंच म्हणाली होती.” मग आवाज किंचित मऊ झाला. “बरं. एक प्रश्न विचारते. हानी असशील तर येईल. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझी निळी बरणी कुणी फोडली?”

आता ही निळी बरणी म्हणजे अम्मींच्या आईची, चिनी मातीची, लिंबाच्या लोणच्याची. आणि ती कुणी फोडली हे शनिवार पेठेत कुणालाही विचारा. शेजारच्यांच्या मांजरानं. आठ वर्षं झाली, नातेवाइकांत ही गोष्ट मी स्वतः अभिनय करून सांगते.

“मांजरानं, अम्मी.”

“नापास,” अम्मी म्हणाल्या. “हे सगळ्यांना माहीत आहे.” फोन बंद. पहिला ओटीपीही संपला.

मी दुसरा मागवला. तीन मिनिटं. दोन मिनिटं पन्नास. अलिझा आता उड्याही मारत नव्हती, नुसती उभी होती, डोळे मोठे करून, आणि आई असलेल्या प्रत्येकीला माहीत आहे की हे उड्यांपेक्षा वाईट. मी फोन लावला, अम्मींनी उचलला, आणि मी म्हटलं, “मी फोडली. मी, अम्मी. तुमची नजर चुकवून लोणचं खायला गेले आणि हातातून सुटली. मांजरानं काही केलं नाही. माफ करा.”

“मांजर तेव्हा गच्चीत माझ्या मांडीवर होतं,” अम्मी म्हणाल्या.

मी ओढणीनं नाक पुसलं.

“नंतर आठवडाभर तू त्याला चोरून बोंबील घालत होतीस, तेही बघितलं. म्हणून काही बोलले नाही. मनानं वाईट नाही पोरगी, म्हटलं. रडू नको आता, आकडे चुकतील. लिही. चार.”

“चार.”

“लिहिलंस? आठ. घाई करू नकोस. दोन. पुन्हा दोन...” एकतीस वर्षांची श्रुतलेखनाची सवय, एकेक आकडा दोनदा, मध्ये श्वास घ्यायला जागा. शेवटचा आकडा टाकला तेव्हा घड्याळात नऊ सेकंद उरले होते. बटण हिरवं झालं. कार्ड मशीनला लावलं, मशीनही हिरवं झालं, गेट उघडलं, बॅगा त्या बाईंनी धरल्या, आणि आम्ही दोघी, आम्ही तिघं, हत्तीसकट, आत.

तुम्हाला सांगते, मी आयुष्यात पुष्कळ दुआ मागितल्या, पण त्या दाराबाहेर उभी राहून आतून येणारा तो आवाज ऐकताना जेवढं मनापासून शुक्र म्हटलं तेवढं कधी म्हटलं नसेल. कुणाकुणाचे आभार मानू? त्या बाईंचे, ज्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही. मी नंतर त्यांना चटणीवाली नोट द्यायला गेले, तर त्यांनी तिचा वास घेतला, पोट धरून हसल्या आणि माझीच मूठ माझ्या नोटेवर मिटवून टाकली. इंदुबाईंचे, ज्यांचा खिसा शेवटपर्यंत कुणाला सापडला नाही, मलासुद्धा नाही. आणि अम्मींचे. मागच्या वर्षी ज्या बाईचा स्वतःवरचा विश्वास बावीस हजारांसकट गेला होता, ती माझ्यापुढे, खऱ्या माझ्यापुढे, अशी ताठ उभी राहिली की मी तिच्या सुनेचा आवाज, नंबर, तोंड आणि पोरगी घेऊन गेले तरी हलली नाही. आणि आठ वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली, कुणाला सांगितली नाही, मलासुद्धा नाही. अशा माणसाकडे सिम ठेवावं नाहीतर कुठे ठेवावं?

फोन अजून चालूच होता, कानाशी धरला तर अम्मी म्हणत होत्या, “झालं का लेकराचं? हानी, आणि तो आकडा आता कुणाला सांगत बसू नकोस.” मागे कागदाचा आवाज आला. वही उघडली होती त्यांनी. म्हणाल्या, “मी पास लिहितेय हं. लाल पेनानं.”

मी म्हटलं, “अम्मी, पहिला नंबर लिहा.”

अलिझा बाहेर आली. हात धुतले. मी तिला उचलून ओट्यावर बसवलं, फ्रॉक नीट केला, डोळे पुसले, माझे. तिनं नळावरच्या आरशात माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मम्मा, दादीची परीक्षा संपली?”

“संपली बाळा.”

“आणि आपली?”

“आपलीपण संपली. आता काही नाही, आता अब्बा येतील.”

“मग आता सांगितलं तर चालेल?”

“काय गं?”

तिनं भैरूला माझ्या कानाशी धरून हलवलं. खुळखुळ वाजलं. आणि तुम्हाला सांगते, सातवी जागा मला तेव्हा आठवली: निघायच्या आदल्या रात्री, सुई-दोरा, हत्तीचं पोट, आणि ओट्यावर बसून माझ्याकडे बघत मान डोलावणारी ही कार्टी.

“नाणी इथं होती,” अलिझा म्हणाली. “मला माहीत होतं. पण तू म्हणाली होतीस, कुणालाही सांगायचं नाही, तुलासुद्धा नाही, तू रडलीस तरी नाही. मग मी शू धरून ठेवली. मी पण दादीसारखी पास ना?”